तिसरं पाणी

गयाबाई माझी आत्या. आज मी नगरमध्ये एका सरकारी कार्यालयात टेबलामागे बसतो, डोक्यावर पंखा फिरतो, कामासाठी आलेले लोक मला साहेब म्हणतात — खरं तर मी लिपिक आहे, पण लोक म्हणतात — हे सगळं तिच्यामुळे. हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. गावात सत्कार झाला तेव्हा माईकवर बोललो. लग्न ठरताना सासऱ्यांपुढे बोललो. पण या वाक्याच्या मागे आणखी एक वाक्य आहे, आणि ते माझ्या तोंडातून कधीच बाहेर आलेलं नाही. बायकोपुढे नाही. आत्यापुढे तर नाहीच. ते इथे लिहायला बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

थोडं मागून येतो. चालेल ना?

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजाराला पायी जाता येईल असं. जमीन आहे, पाणी नाही. दिवाळी झाली की निम्म्या गावाच्या दारांना कुलपं लागायची आणि माणसं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला निघायची. माझे आईवडीलही जायचे. थोरला भाऊ त्यांच्याबरोबर गेला आणि शाळेतून कायमचा सुटला. माझी पाळी आली तेव्हा आत्या आडवी आली. नवरा लवकर वारल्यामुळे ती माहेरी परतली होती, मूलबाळ नव्हतं. ट्रक भरून उभा होता, बोचकी वर चढली होती, आणि तिनं माझा दंड धरून वडिलांना सांगितलं की हा माझ्यापाशी राहील, त्याच्या खाण्याचं आणि शाळेचं मी बघते.

आणि तिनं बघितलं. शेळ्यांवर बघितलं.

म्हणजे नेमकं सांगायचं तर बोकडांवर. शेळी व्यायली की पाठ, म्हणजे मादी पिल्लू, असेल ती दावणीला राहायची. बोकड असेल तो बाभळीच्या शेंगा आणि शेवरीचा पाला खाऊन वाढायचा, आणि आखाडाच्या तोंडावर किंवा बकरी ईदच्या आधी तिसगावला जायचा. मटणासाठी. बोकड दुसऱ्या कशासाठी जातो? माझी हायस्कूलची फी, नगरच्या वसतिगृहातली कॉट, बीएस्सीची पुस्तकं — सगळं त्यातून आलं. मी हे लाजून सांगत नाही. आमच्याकडे असंच असतं.

आत्याला जनावरांचा फार लळा. म्हणून तो लागू नये यासाठी तिचे नियम ठरलेले. पाठींना नावं असायची — चंद्री, मोरी, ठमी. बोकडांना नाव नाही. जो कोणता बोकड असेल त्याला ती एकच म्हणायची, "पाव्हणं." पाव्हणं, उठा. पाव्हणं, जरा सरका, झाडू द्या. शेजारच्या बाया हसायच्या, की गयाबाईच्या घरी कायम पाहुणे आणि एकजणही जेवणावळीची तारीफ करून जात नाही. पण त्यात तिचा हिशेब होता. पाहुणा म्हटला की तो जाणार. जाणाऱ्याचं मनाला लावून घ्यायचं नाही. बाजारात सौदा झाला की ती बोकडाच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या कमरेला गुंडाळायची, आणि तेवढा वेळ व्यापाऱ्याच्या हातांकडे बघायची, बोकडाकडे नाही. परतीच्या वाटेवर बोलायची नाही. मी काही विचारलं तर म्हणायची, "गप चाल." घरी आली की आधी दावं धुवायची, मग हातपाय. त्या दिवशी मटणाचं नाव घरात निघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं.

लहानपणी मला वाटायचं, किती घट्ट काळजाची बाई. आता वाटतं — घट्ट काळजाच्या माणसाला इतके नियम कशाला लागतील?

मी बीएस्सी झालो आणि गावी परत आलो. घराण्यातला पहिला पदवीधर. स्पर्धा परीक्षा द्यायच्या ठरवल्या. दिल्या. नापास झालो. परत दिल्या, परत नापास. भाऊ ऊसतोडीहून आला की मला पुस्तकात डोकं घातलेलं बघायचा आणि म्हणायचा, साहेब, ती पुस्तकं आता शेळ्यांना घाला, निदान दूध तरी वाढेल. तो हसत म्हणायचा. मला हसू यायचं नाही. आत्यालाही येत नसावं, कारण त्याच सुमारास तिनं गावाच्या शिवेवरच्या लक्ष्मीआईला नवस केला. भानूला नोकरी लागू दे, तुझी कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे देवीला बोकड आणि भावकीला जेवण. नुकतंच चंद्रीला एक पिल्लू झालं होतं — काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आत्यानं त्याला हळदकुंकू लावलं आणि ते देवीच्या नावानं राखलं.

इथेच तिचे नियम मोडले. तिचा दोष नव्हता. नवसाचा बोकड विकता येत नाही. मारता येत नाही. त्याच्या अंगाला खोट येऊ द्यायची नाही. नवस फिटेपर्यंत तो घरातच. आणि नवस फिटणार माझी नोकरी लागल्यावर. म्हणजे मी नापास होत राहिलो आणि तो मोठा होत राहिला. ज्याला सहा-आठ महिन्यांत निरोप द्यायचा असा पाहुणा मुक्कामालाच राहिला.

नाव तिनं त्यालाही दिलं नाही. पण 'पाव्हणं' म्हणताना तिचा आवाज बदलायला लागला. भाकरी थापताना ती त्याच्याशी बोलायची, अहो-जाहो करून. वहिनी एकदा म्हणाली, "आत्याबाईंना या वयात अहो म्हनायला कुनीतरी गावलं." आत्यानं तोंडाला पदर लावला आणि खूप वेळ हसत राहिली. तो ओट्यावर यायचा, माझ्या पुस्तकाचा कोपरा चावायचा. चालू घडामोडींचं एक आख्खं मासिक त्यानं खाल्लं. मी चिडलो, तर आत्या म्हणाली, त्याचा अभ्यास तुझ्यापेक्षा पुढं गेला.

एकदा तो मान तिरकी करून फिरायला लागला. खाईना. बघितलं तर कानात कुसळ गेलेलं. आत पू धरला होता. मी त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं, चिमट्यानं ते कुसळ ओढलं आणि कचरा निघावा म्हणून कानात फुंकर घातली. त्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत असं थरारून अंग झाडलं की पिठाची परात उलटी झाली. पुढे बरेच दिवस मी औषध घालायचो आणि फुंकर मारायचो. कान बरा झाला, पण ते त्याला खेळ म्हणून आवडायला लागलं. मी ओट्यावर बसलो की यायचा आणि कान पुढे करायचा. मी फुंकायचो. तो सगळं अंग झाडायचा. मग दुसरा कान पुढे. आत्या कामं टाकून बघत राहायची. कान बरा झाल्यावर ती एकदा म्हणाली होती, थोडा फाटला असता तरी चाललं असतं की. मी म्हणालो, अगं, मग देवीला कसा चालेल? तिनं चुलीत लाकूड सारलं.

तो कान मी बरा केला नसता तर? हा प्रश्न मला अजून पडतो. पण तो कामाचा प्रश्न नाही. मी बघा पुन्हा बाजूच्या वाटेनं चाललो आहे.

नोकरी लागली. यादीत नाव आलं तेव्हा आत्यानं माझ्या आधी बोकडाच्या गळ्यात हात घातला, आणि मग माझ्या. मला त्या वेळी ते गमतीचं वाटलं.

कंदुरी आखाडातल्या एका मंगळवारी ठरली. मी नगरहून कार्यालयातल्या लोकांना बोलावलं. त्यांनी मागितलं नव्हतं, मीच बोलावलं. माझी हौस. आमचे साहेब येणार होते. मी त्यांच्या हाताखाली नवीन, अजून कायम झालेलो नव्हतो. ते आमच्या दारात जेवले असं गावानं बघावं, असं मला फार वाटत होतं. का वाटत होतं? ज्या पोराला वहिनी दोन वेळचं वाढताना भांडी आपटायची, त्या पोराला काय वाटत असेल, असं म्हणता येईल. पण मी म्हणत नाही.

आता कंदुरीतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे बोकड देवीपुढे उभा करतात, माळ घालतात, आणि पुजारी त्याच्या पाठीवर पाणी टाकतो. बोकडानं अंग झाडलं तर देवीनं त्याला घेतला. नाही झाडलं तर थांबायचं, पुन्हा पाणी टाकायचं. तीनदा. तिसऱ्या पाण्यालाही नाही झाडलं, तर देवीनं बोकड परत दिला. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. तो देवीचा म्हणून मोकळा सुटतो, आणि त्या दिवशी देवीला पुरणाचा नैवेद्य दाखवतात. असा एक परत दिलेला बोकड वडिलांच्या लहानपणी गावात होता. कुणाच्याही शिवारात चरायचा आणि म्हातारा होऊन मेला. म्हणजे हे नुसतं बोलायचं नव्हतं. असं घडत होतं.

त्या सकाळी आत्यानं त्याला आंघोळ घातली. मी बादली धरून उभा होतो. पाठ चोळता चोळता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भानू, तिला वाटलं तर घील, न्हाई तर न्हाई. कुनी घाई करू नका म्हनावं." तिनं माझ्याकडे आयुष्यात एवढीच गोष्ट मागितली. शाळेच्या, कॉलेजच्या इतक्या वर्षांत तिनं मला कधी पाणी आणून दे म्हटलेलं मला आठवत नाही. मी हो म्हणालो.

लक्ष्मीआईचं ठाणं म्हणजे एका लिंबाखाली शेंदूर फासलेले तांदळे, गोल दगड. भावकी जमली. बाजूला तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, वाटणाचा वास सुटलेला, बायका भाकरी थापत होत्या. हलगीवाले बसून होते. मुलाणीचाचा — आमच्याकडे देवीचा बोकडसुद्धा तेच कापतात — मागे सावलीत सुरी फडक्यात गुंडाळून शांत बसले होते. साहेबांची गाडी आली. त्यांना खुर्ची दिली.

पहिलं पाणी पडलं. तो उभा राहिला. गळ्यातल्या माळेतलं एक झेंडूचं फूल त्यानं चघळायला घेतलं. लोक हसले.

पुजाऱ्यानं उदबत्ती लावली, थांबला. दुसरं पाणी. काही नाही. त्याला पाण्याची सवयच होती, आत्या त्याला आठवड्याला आंघोळ घालायची. आता कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, आई रुसली, नवसात काहीतरी कमी पडलं. दुसरा म्हणाला, कमी पडलं म्हणजे पोराच्या नोकरीला धोका. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि हळूच म्हणाले, "किती वेळ चालतं हो हे?" बस. एवढंच. साधं विचारलं त्यांनी. मला कानशिलापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं.

मी आत्याकडे पाहिलं. ती बायकांत उभी होती. पदराचं टोक तिनं दातांत धरलं होतं. ती बोकडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, देताना, ती बोकडाकडे बघत होती.

मी पुढे झालो. लोकांना वाटलं, कुरवाळायला गेला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. त्यानं नेहमीसारखं डोकं माझ्या पोटाला टेकवलं. पुजाऱ्यानं तिसरं पाणी टाकलं. मी खाली वाकलो, आणि माझं तोंड त्याच्या कानाशी गेलं, आणि मी —

मी फुंकर घातली.

हेच ते वाक्य. लिहून झालं.

त्यानं अंग झाडलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. पाण्याचे थेंब माझ्या शर्टावर उडाले. आणि मग, ओट्यावर करायचा तसा, त्यानं दुसरा कान पुढे केला.

घेतला, घेतला, असा एकच गलका झाला. हलगी वाजली. मुलाणीचाचा उठले. कुणीतरी माझ्या हातातून दावं घेतलं. मी आत्याकडे पाहिलं तेव्हा तिचे हात देवीकडे जोडलेले होते आणि डोळे मिटलेले होते. मग ती वळली आणि एकटीच घराकडे चालत गेली. बायका म्हणाल्या, जाऊ द्या, लळा होता.

मी जेवलो. हेही सांगतो, कारण तुम्ही विचाराल असं नाही, पण ते घडलं आहे. साहेबांच्या शेजारी बसून जेवलो. रस्सा झणझणीत झाला होता, ते म्हणाले, मी हो म्हणालो. आणखी वाढा म्हणालो. संध्याकाळी आत्यासाठी ताट घेऊन गेलो. ती ओट्यावर बसली होती, कुणीतरी आणून दिलेलं दावं तिनं धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. तिनं ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "तू जेवला का? पोटभर जेवला ना?"

मी का केलं? याची मी स्वतःला इतकी उत्तरं दिली आहेत की एखाद्या परीक्षेत भरपूर गुण मिळाले असते. साहेबांपुढे लाज वाटली. भावकी उपाशी खोळंबली होती. शिजवायला घेतलेलं वाया गेलं असतं. आणि सगळ्यात वाईट — मी भ्यालो. विज्ञानाचा पदवीधर, पण मागून म्हातारा नोकरीला धोका म्हणाला आणि मी भ्यालो. देवीवर विश्वास असता, तर तिला ठरवू दिलं असतं. विश्वास नसता, तर भ्यायचं कारण नव्हतं. मी ना इकडचा राहिलो, ना तिकडचा. पण यातलं एकही उत्तर त्या क्षणी माझ्या मनात सरळ उभं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त एवढं माहीत होतं की कुठं फुंकलं की हा अंग झाडतो. हे गावात दोनच माणसांना माहीत होतं.

मग आत्याला कळलं कसं नाही? मी हे खूप दिवस भीत भीत तपासत होतो. ती बायकांच्या घोळक्यात, लांब होती. माझी पाठ तिच्याकडे होती. तिनं पाहिलं ते एवढंच — दोन पाण्यांना तो हलला नाही, आणि भानूनं जाऊन हात लावला तसं झाडलं. त्यावर तिनं स्वतःसाठी एक अर्थ बांधला. नवस भानूचा होता, म्हणून आई भानूची वाट बघत थांबली होती. तिनंच मागितलं, मग माझं काय चालणार? या एका विचारावर तिनं ते दुःख टेकवलं आणि ती पुन्हा उभी राहिली. शेळ्या पाळत राहिली. बोकड पुन्हा वेळेवर बाजारात जायला लागले.

आणि ही गोष्ट ती सांगते. सगळ्यांना सांगते. माझ्या लग्नात हळदीच्या वेळी सांगितली. माझ्या बायकोला सांगितली. "भानूनं हात लावला आन् आईनं घेतलं" — हे म्हणताना तिचा चेहरा उजळतो. ऐकणारे माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. एकदा माझी बायको म्हणाली, किती साधे आहात हो तुम्ही. त्या रात्री मी तिच्याकडे पाठ करून झोपलो.

हे असंच चाललं असतं. खरंच सांगतो, मी आयुष्यभर चालवलं असतं.

पण गेल्या वर्षी मला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी झाली, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता ती चांगली आहे, बाळसं धरलं आहे. पण त्या दिवसांत आत्यानं मला न सांगता लक्ष्मीआईपुढे पदर पसरला. पुन्हा कंदुरी. पुन्हा एक बोकड राखला. मागच्या महिन्यात पुतण्याच्या मोबाईलवरून तिनं मला तो दाखवला. तपकिरी, लांब कानांचा. तिचा हात त्याच्या गळ्याखाली होता आणि त्या हातानं ती त्याला खाजवत होती — नियम पुन्हा मोडला होता, हे मला फोनवरही दिसलं. तिला आता गुडघे साथ देत नाहीत. ती म्हणाली, "या खेपेला आदीच येऊन तू हात लाव भानू. म्हंजे ती थांबायची न्हाई. मला आता लई येळ उभं ऱ्हावत न्हाई."

तेव्हापासून मला झोप नाही. तुम्हीच विचार करा. मी जाऊन हात लावला आणि नुसता उभा राहिलो, तर बोकड कदाचित अंग झाडणार नाही. तो सुटेल, पण आत्या काय समजेल? की आईनं पोरीचा नवस नाकारला. भानूनं हात लावूनही नाकारला. मग ती उरलेलं आयुष्य त्या पोरीच्या प्रत्येक सर्दीला घाबरत काढेल. आणि मी पुन्हा काही केलं, कान नाही तर दुसरं काही — तर मी काय माणूस राहिलो? तिसरा मार्ग म्हणजे खरं सांगणं. पण खरं सांगितलं तर ज्या आधारावर तिनं ते सगळं पेललं, तो मी माझ्या हातानं काढून घेणार. माझी पाठ भिंतीला टेकली होती. टेबलावर लोकांचे अर्ज पडलेले असायचे आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचो.

फोनवर सांगायचा प्रयत्न केला. दोनदा. ती आधी विचारते, जेवला का, पोरगी दूध पिते का, आणि मग मी पोरीच्याच गोष्टी सांगून फोन ठेवतो. म्हणून पत्र लिहिलं. ती चौथीपर्यंत शिकली आहे. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून पोथी वाचते. पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर मी थोडा वेळ तिथेच उभा होतो, जणू आत हात घालून काढता येईल.

ती काय म्हणाली हे मला अजून माहीत नाही. मी फोन केलेला नाही, तिचाही आलेला नाही.

वर जे लिहिलं त्यात एक गोष्ट मी तुमच्यापासूनही टाळली. आत्याला काय हवं होतं हे मला नीटसं ठाऊक नव्हतं, असं वाचणाऱ्याला वाटावं अशा बेतानं लिहिलं. पत्रात ते जमलं नाही. पत्र असं होतं.

*

आत्यास भानूचा नमस्कार.

पोरगी बरी आहे. चांगली खेळते. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, म्हणजे तुला एकटीला वाचता येईल.

माझ्या कंदुरीत पाव्हण्यानं आपण होऊन अंग झाडलं नव्हतं. मी वाकलो तेव्हा त्याच्या कानात फुंकर घातली. ओट्यावर घालायचो तशी. म्हणून त्यानं झाडलं. आईनं त्याला घेतलं नव्हतं. ती परत देत होती.

तिनं घेतलं नाही तरी माझी नोकरी राहिली, लग्न झालं, पोरगी वाचली. त्यामुळे या खेपेला बोकडानं झाडलं नाही, तर पोरीला काही होईल असं मनात आणायचं कारण नाही.

मी येईन. सगळ्यांच्या मागं उभा राहीन. बोकडाला हात लावणार नाही.

आणखी एक. तू सकाळी म्हणाली होतीस, कुणी घाई करू नका. मला तुझं मन कळलं नाही, असं नाही. त्याआधी मी पाणी प्यायला घरात गेलो होतो. चुलीजवळच्या कोपऱ्यात ताटाखाली पातेलं झाकलेलं होतं. मी ताट उचलून बघितलं. हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती. बाहेर सगळ्यांसाठी मटण-भाकरीची तयारी चालली होती. ती डाळ कशासाठी ते मला कळलं.

मी ताट परत झाकलं आणि बादली धरायला तुझ्याकडं आलो.

भानू